नळी आणि घास : स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या नागपूरच्या दवाखान्यातलं. ओळख पटू नये एवढ्यापुरते घरचे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि माझी चूक बदललेली नाही.

रुग्ण म्हणजे महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या काकू. गेल्या तेव्हा वय ७२. सांभाळणारे त्यांचे पती, वय ७६, अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होते. घर प्रतापनगरच्या बाजूला, तळमजल्यावर. मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला. काकूंची धाकटी बहीण गावातल्याच महाल भागात राहते. तिला सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणते.

सुरुवात

सुरुवात वहीतून झाली. काकूंची एक दोनशेपानी वही असायची. दूध, पेपर, धोबी, गॅस, सगळं त्यात. २०१७च्या पावसाळ्यात महिनाअखेरची बेरीज जुळेना. दूधवाला भला माणूस, त्यानंच काकांना बाजूला घेऊन सांगितलं की बाईंनी एका महिन्याचे पैसे दोनदा दिले. काका मला म्हणाले, “किल्ल्या तर मीही हरवतो, डॉक्टरबाई. पण हिची बेरीज चुकून राहिली, म्हणजे काहीतरी बिघडलं.” मग गोकुळपेठच्या बाजारातून घरचा रस्ता सापडेना, एका ऑटोवाल्यानं आणून सोडलं. बी-१२, थायरॉईड, एमआरआय, मेंदूविकारतज्ज्ञांची भेट हे २०१८च्या सुरुवातीला आटोपलं. स्मरणचाचणीत ३० पैकी २१ गुण, निदान अल्झायमर. डोनेपेझिल सुरू झालं, पुढं मेमँटिनची भर पडली. या गोळ्यांनी आजार थांबत नाही, थोडे दिवस थोडं सावरतं, एवढं मी स्पष्ट सांगितलं.

त्यापुढचं सांगितलं नाही.

हुकलेली वेळ

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात निकाल दिला. बरं होण्याची आशा संपल्यावर केवळ यंत्रानं आणि नळ्यांनी जिवंत ठेवू नये, असं माणूस समज शाबूत असताना लिहून ठेवू शकतो, हे त्यात मान्य झालं. लिव्हिंग विल म्हणतात ते हेच, वैद्यकीय इच्छापत्र. बातमी मी वाचली होती. दवाखान्यात त्यावर चर्चाही झाली. काकू त्याच महिन्यात तपासणीला आल्या होत्या. तेव्हा त्या पूर्ण वाक्यं बोलत होत्या, आपल्याला काय झालंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि पुढं काय होतं हे त्यांनी मला स्वतः विचारलंही. चाचणीत २१ गुण मिळालेल्या माणसाला स्वतःच्या मरणाबद्दल मत नसतं असं थोडंच आहे? मी म्हटलं, “आत्ता त्याचा विचार कशाला करता.” विषय काढणं मला जड जात होतं, आणि त्याला मी त्यांची काळजी असं नाव दिलं.

त्या वेळची पद्धतही अवघड होती, हे खरं. दोन साक्षीदार आणि वर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी. असा कागद केलेलं कुणी माझ्या ओळखीत नव्हतं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानंच ती अट सैल केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. पण तोवर काकूंना पेन कशासाठी असतं हेच उरलं नव्हतं. सही होती तेव्हा रस्ता अडलेला, रस्ता मोकळा झाला तेव्हा सही गेलेली. तरी सगळा दोष पद्धतीवर ढकलता येत नाही. कागद झाला नसता तरी बोलणं झालं असतं, काकांच्या कानावर पडलं असतं. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या किती जणांच्या डॉक्टरनं माझ्यासारखंच तोंड फिरवलं असेल कोण जाणे.

मुलाचा एक समज इथंच नोंदवते, कारण तो बऱ्याच घरांत असतो. काकांनी २०१९ मध्ये काकूंकडून मुखत्यारपत्र करून घेतलं होतं. तीन वर्षांनी पेन्शनच्या खात्यासाठी बँकेत ते दाखवलं, तर तिथला अधिकारी म्हणाला की बाईंची समज राहिली नसेल तर हे चालणार नाही. तो बरोबर होता. करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपतं. ज्या दिवसासाठी माणूस ते करून ठेवतो, त्याच दिवशी ते कागदाचा तुकडा होतं. पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता आलं असतं. काकांनी स्वतःच्या पेन्शनवर भागवलं. मुलाला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की तो कागद आहे म्हणजे उपचारांचंही बाबांच्या सहीनं ठरेल.

मधली वर्षं

२०२१च्या सुमाराला काकूंची ‘अहो’ ही हाक थांबली. त्या काकांना ‘दादा’ म्हणू लागल्या. त्यांचा मोठा भाऊ जाऊन तीसेक वर्षं झाली होती. काकांनी महिनाभर दुरुस्ती करून पाहिली, मग ओ द्यायला लागले. “दादा तर दादा. हाक मारून राहिली ना.” वेणी घालायला ते मुलीकडून व्हिडिओ कॉलवर शिकले. लुगडं सुटलं, गाऊन आला. २०२३ संपता संपता चालणं गेलं, लघवी-संडासचा ताबा गेला, शब्द चार-पाच उरले. २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत तेही संपले.

रुग्णालयातले नऊ दिवस

मेच्या शेवटच्या आठवड्यात ताप, खोकला, धाप. घास आणि लाळ श्वासनळीत उतरून झालेला न्यूमोनिया. एका खासगी रुग्णालयात भरती केलं. नागपूर तापलेलंच होतं. त्याच आठवड्यात इथं ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर फिरली, मग हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचं सांगितलं. खरं तापमान पंचेचाळीसच्या आसपास, तेही काही कमी नव्हे.

शिरेतून प्रतिजैविकं, ऑक्सिजन, तीन दिवस आयसीयू. व्हेंटिलेटर लागला नाही. दुसऱ्या दिवशी नाकातून राईल्स ट्यूब, म्हणजे पोटात पातळ अन्न सोडायची नळी, घातली, ती काकूंनी उपटली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. तिसऱ्यांदा घातल्यावर दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, वॉर्डात तसंच करतात. काका ते पाहून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत. सहाव्या दिवशी अंग पुसायला पट्टी सोडली तेवढ्यात नळी पुन्हा बाहेर. आता चौथ्यांदा नाकातून घालायची, की पोटाला छिद्र करून कायमची बसवायची, असं डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी मला फोन केला. “नाही म्हटलं तर गुन्हा लागेल का माझ्यावर?”

आम्ही कँटीनमध्ये बसलो. काका, मुलगी, मावशी, फोनवर मुलगा आणि मी. मुलाला लोक काय म्हणतील याची भीती होती, पण तो बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. खरा विरोध मावशींचा.

“उपाशी मारता का बाप्पा तिले? दारचं कुत्रं आलं तरी आपण भाकर टाकतो. आणि ही तर माह्या पाठीची बहीण.”

काकांनी विनोबांचं नाव काढलं. १९८२च्या नोव्हेंबरात विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि दिवाळीच्या दिवशी, १५ तारखेला देह ठेवला. वर्धा-नागपूरकडच्या त्या पिढीला ते आठवतं. काका तेव्हा सायकलवर सेलूहून पवनारला गेले होते. पण बोलता बोलता तेच थांबले. “विनोबांनी स्वतः ठरवलं होतं. हिनं काय ठरवलं, कोणाले माहीत?”

मग मी विचारलं, “तुम्हाला काय हवं हे घटकाभर बाजूला ठेवू. काकू इथं पूर्वीसारख्या बसल्या असत्या आणि पलंगावर दुसरंच कुणी असतं, तर त्या काय म्हणाल्या असत्या?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. सांगितलं ते मावशींनीच. २००९ मध्ये काकांच्या आईला घरीच चार महिने नळी होती. सगळं काकूंनी केलं. दर दोन तासांनी सिरिंजनं पातळ पेज सोडायची, हात बांधायचे, सोडायचे. एकदा त्या महालात आल्या, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “माझ्या नाकात असं काही घालू देऊ नको गं. सासूबाई हात सोडा म्हणून डोळ्यांनी विनवतात, आणि मी बांधते.” मावशींनी हे पंधरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगायला निघाल्या नव्हत्या. वाद घालता घालता तोंडून गेलं आणि मग त्या रडायला लागल्या.

पुरावा म्हणावा असा आमच्याकडं एवढाच होता. पण तो चांगला होता. नळीचा अनुभव घेतलेल्या बाईनं, आजार नसताना, जवळच्या माणसाजवळ, नेमक्या त्याच गोष्टीबद्दल बोललेलं वाक्य. छापील नमुन्यावरच्या खुणा मी याहून वरच्या मानणार नाही.

त्यानंतर वैद्यकाचा भाग सांगणं सोपं गेलं. स्मृतिभ्रंशाच्या या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. न्यूमोनिया टळत नाही, कारण लाळ आणि पोटातलं वर येणारं अन्न श्वासनळीत जायचं ते जातंच. हात बांधावे लागतात, कधी गुंगी द्यावी लागते, हालचाल थांबली की जखमा चिघळतात. अमेरिकेतल्या वार्धक्यवैद्यकाच्या संघटनेनं २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की या रुग्णांना नळी बसवू नये, काळजीपूर्वक हातानं भरवावं. “भरवावं” हा शब्द मी मावशींकडं बघून दोनदा म्हटला. नळी नको म्हटल्यावर अन्न बंद होतं असं त्या धरून चालल्या होत्या. खरं तर बऱ्याच घरांत उलटंच होतं. नळी लागली की घास बंद होतो, आणि माणसाच्या तोंडापाशी पुन्हा कुणी चमचा नेत नाही.

“मग भरवताना न्यूमोनिया झाला तर?” मुलीनं विचारलं. होऊ शकतो, मी म्हटलं. बहुतेक होईलच. त्या वेळी काय करायचं तेही आत्ताच ठरवू.

कागदाचा भाग सरळ नव्हता. इच्छापत्र नसेल आणि रुग्णाला समज नसेल तर न्यायालयानं घालून दिलेला मार्ग असा : उपचार करणारे डॉक्टर आणि अनुभवी दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, नातेवाइकांची संमती, मग दुसरं मंडळ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. पण आमचा रुग्ण यंत्रावर नव्हता, नळीही बाहेरच होती. ती पुन्हा न घालणं या प्रक्रियेत बसतं का, यावर रुग्णालयाच्या वकिलाचं आणि डॉक्टरांचं जमेना. व्यवस्थापनानं आपल्याकडचा ठरलेला तोडगा काढला : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, असं लिहून द्या. मला या कागदाचा राग आहे. त्यानं रुग्णालय सुटतं, नातेवाईक आयुष्यभर अडकतात. आपण कुणाच्या तरी सल्ल्याविरुद्ध बाईला मारायला नेलं, अशी स्वतःच्या हातची सही घरात राहते.

तो टळला एका तरुण फिजिशियनमुळं. त्यानं मेंदूविकारतज्ज्ञ आणि छातीच्या डॉक्टरांना बोलावलं, तिघांनी मिळून केसपेपरवर आजाराचा टप्पा, कुटुंबाशी झालेली चर्चा आणि मावशींनी सांगितलेलं वाक्यसुद्धा नोंदवलं, आणि साध्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं : नळी पुन्हा घातलेली नाही, आरामासाठी, जमेल तेवढं हातानं भरवावं. त्या ओळीवर पुढचे तीन महिने निभावले.

घरी

२ जूनला काकू घरी आल्या. भाड्याचा वर-खाली होणारा पलंग, हवेची गादी, कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. भरवण्याचं तंत्र मी मावशींना दाखवलं, मुद्दाम त्यांनाच. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याशिवाय पुढचा नाही, खाल्ल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. पाण्यानं ठसका लागायचा, पातळ पदार्थ अशा रुग्णांना जास्त त्रास देतात. आमरस मात्र सरळ उतरला. जूनच्या मध्यापर्यंत आमरस, मग साबुदाण्याची घट्ट पेज, कुस्करलेलं केळं, तूप घातलेली आसट खिचडी. मावशी महालातून रोज अकराच्या सुमाराला यायच्या. विरोध करणाऱ्याच्या हाती चमचा द्यावा, हे मी या घरात शिकले.

सगळ्यांत अवघड होतं ते थांबणं. ओठ मिटले, मान फिरली, की थांबायचं. गाल दाबायचे नाहीत, “अजून एक, माझ्यासाठी” म्हणायचं नाही. काकांना हे जमेना. मी म्हटलं, “काका, शब्द गेले, पण नको म्हणणं गेलेलं नाही. मान फिरवतात तेव्हा त्या तुमच्याशी बोलतच असतात.” दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंची जुनी दुधाच्या हिशेबाची वही काढली आणि कोऱ्या पानांवर चमचे मांडायला सुरुवात केली. सकाळ ९, दुपार ११, रात्र ४.

जुलैअखेर धाप वाढली. तोंडावाटे मॉर्फिन अगदी कमी मात्रेत सुरू केलं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते देणं सोपं झालं आहे. कर्करोग रुग्णालयाच्या वेदनाशामक विभागातून मिळालं. मावशींना ती ‘अफू’ वाटली. श्वास हलका झालेला पाहिल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ठरल्याप्रमाणं फ्रिजवर एक कागद लावला होता. ताप आला तर तापाचं औषध, धाप लागली तर कोणता डोस, घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवायचं आणि मला फोन. भरती नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनला घरघर सुरू झाली. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानं घाबरून १०८ला फोन केला. गाडी आली, डॉक्टर उतरला. काकांनी कागद आणि डिस्चार्ज कार्ड पुढं केलं, हात जोडले. डॉक्टरनं नाडी पाहिली, कागद वाचला, दोन मिनिटं पलंगाशी उभा राहिला आणि गेला. मी पोचले तेव्हा काका मला म्हणाले, “परत पाठवली. हातपाय कापून राहिले माहे.” त्या कागदावर शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं हे मी लिहायला हवं होतं.

त्यातून काकू तरल्या, पण जेवण जवळजवळ संपलं. ओठांना साजूक तूप, ओल्या गॉजनं तोंड पुसणं, एवढंच. ३ सप्टेंबरला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या पहाटे, झोपेतच गेल्या. मारबतीची मिरवणूक निघायची होती, महालातले रस्ते गर्दीनं भरायला लागले होते, मावशींना निघून यायला दोन तास लागले.

मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, घरच्या मृत्यूसाठीचा नमुना ४अ, मीच भरलं. आपल्याकडं अशा वेळी ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहून मोकळं होतात. मी न्यूमोनिया लिहिलं आणि त्याखाली मूळ कारण म्हणून अल्झायमरचा स्मृतिभ्रंश. त्या आजारानंही माणूस मरतो, हे निदान एका सरकारी कागदावर तरी यावं. सहकारनगर घाटावर अकराच्या सुमाराला सगळं आटोपलं.

नंतर

महिनाभरानं काका दवाखान्यात आले. बरोबर दोन गोष्टी होत्या.

पहिली, त्यांचं स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र. आपल्या वतीनं निर्णय घ्यायला मुलगा आणि मुलगी दोघांची नावं घातली होती, २०२३पासून एकापेक्षा जास्त नावं चालतात. साक्षीदार म्हणून मी सही करावी अशी त्यांची इच्छा होती. मी नकार दिला. तुमच्यावर उपचार करणारी मीच, उद्या तो कागद मलाच वाचायचा आहे. सकाळी अंबाझरीला फिरायला येणारे दोघे मित्र घ्या, नोटरीकडं जा, आणि एक प्रत महापालिकेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं द्या. कागदात नळी, व्हेंटिलेटर, छाती दाबणं, तिन्हींबद्दल नीट लिहिलं होतं. मुलांशी बोलणं झालं का, विचारलं. “दिवाळीत सांगतो,” म्हणाले. मी म्हटलं, आज रात्री फोन करा.

दुसरी गोष्ट म्हणजे ती वही. “मी तिले उपाशी तर नाही ना मारलं, एकदा पाहून द्या,” म्हणाले. मी मागून पान पान चाळत गेले. जूनमधले आकडे मोठे, आमरसापुढं कुठं कुठं ‘आवडलं’ लिहिलेलं. जुलैत एकेरी. ऑगस्टमध्ये बरीच पानं शून्याची, त्यावर मावशींच्या हातचं ‘तूप लावलं’. चमच्यांची बेरीज त्यांनी कुठंही केलेली नव्हती.

शेवटची नोंद २ सप्टेंबरची, पोळ्याची. काकांचंच अक्षर होतं.

‘पुरण ओठाला लावलं. नको म्हणाली.’